रात्री दोनची कामं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेले विषयांतर थोडं कमी केलं आहे, सगळं नाही.)



काल संध्याकाळी ओळख करून देताना प्रत्येकानं उभं राहून आपण काय करतो ते सांगितलं. कुणी शेती सांगितली, कुणी बँक, कुणी शाळा. माझी पाळी आली आणि मी म्हणालो, "मी सर्व्हर सांभाळतो." मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, "म्हणजे 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' म्हणतात तो तूच का?" सगळे हसले. मीही हसलो, कारण ते खरंच आहे. तलाठी कार्यालयात, बँकेत, रेशनच्या दुकानात तुम्ही ज्याच्या नावानं बोटं मोडता, तो माणूस मीच, किंवा माझा कुणीतरी भाऊबंद.

संयोजकांनी त्यावरच वीस मिनिटं बोल म्हणून सांगितलंय. अट एकच, सगळ्यांना कळलं पाहिजे. पहिल्या रांगेत गणिताच्या बाई बसल्यात. बाई, पस्तीस वर्षं झाली तरी तुमच्यासमोर उभं राहिलं की पाढे चुकतील असं वाटतं. आकडे चुकले तर तिथंच थांबवा.

सर्व्हर म्हणजे काय? आपल्या घरच्या संगणकासारखाच संगणक, फक्त त्याच्यासमोर कुणी बसलेलं नसतं. शेकडो लोक दुरून त्याला काही ना काही मागत असतात आणि तो देत असतो. हे झालं दिसणारं काम. पण त्याच यंत्रात मागे आणखी कामं चालू असतात, जी कुणीच मागितलेली नसतात. रोजच्या नोंदींच्या फायली बदलायच्या, जुन्या दाबून ठेवायच्या. डिस्कवर कुठं काय आहे त्याची सूची नव्यानं बनवायची. विषाणू शोधायचे. हिशेबाचे तक्ते काढायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सगळ्या माहितीची प्रत काढून दुसरीकडे ठेवायची, म्हणजे बॅकअप. यांना आम्ही बॅकग्राउंड प्रोसेस म्हणतो. पडद्यामागची कामं म्हणा. यातली बरीचशी रात्री चालतात. ठरलेल्या वेळी काम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं नाव क्रॉन. आपल्या शाळेतल्या रुळाच्या तुकड्याच्या घंटेचा आणि ती वाजवणाऱ्या मामांचा तो संगणकातला भाऊ.

आता या यंत्रावर भार किती आहे, हे ओळखायचं कसं? त्यासाठी एक आकडा असतो, लोड ॲव्हरेज. खरं तर तीन आकडे असतात, गेल्या एका मिनिटाचा, पाच मिनिटांचा आणि पंधरा मिनिटांचा. ही कल्पना जुनी आहे. १९७३ साली टेनेक्स नावाच्या संगणकप्रणालीच्या लोड ॲव्हरेजचे आकडे छापलेले आढळतात. आपल्यातले बरेच जण तेव्हा पाळण्यात होते.

हा आकडा समजायला मधल्या सुट्टीतला पाण्याचा नळ आठवा. आपल्याकडे चार नळ होते. चार मुलं पाणी पीत असली आणि मागे कुणी नसलं, तर भार चार. नळ पुरे पडतायत, पण एकही मोकळा नाही. बारा मुलं असली तर चार पितायत आणि आठ मागे ढकलाढकली करतायत. भार बारा. संगणकातले नळ म्हणजे त्याचे प्रोसेसर. आठ प्रोसेसर असतील तर भार आठपर्यंत घाबरायचं कारण नाही. भार सोळा म्हणजे, सरासरीनं, जेवढे पितायत तेवढेच थांबलेत. बाई, इथपर्यंत बरोबर ना?

इथपर्यंतच असतं तर माझं काम सोपं होतं. पण लिनक्समध्ये या आकड्यात आणखी एक रांग मोजलेली असते. शाळेच्या कचेरीची खिडकी आठवा. तुम्ही बोनाफाइड दाखला मागितलात. क्लार्कभाऊ "थांब" म्हणून आत रेकॉर्डच्या खोलीत रजिस्टर शोधायला गेले. आता तुम्ही तिथून हलू शकत नाही. कुणी हाक मारली, अगदी मुख्याध्यापकांनी मारली, तरी जाता येत नाही, कारण क्लार्कभाऊ परत आल्यावर समोर तुम्हीच हवे. तुम्ही नळावर नाही, पाणी पीत नाही, काहीच करत नाही. पण अडकलेले आहात. संगणकात हे डिस्कची वाट बघणं. डिस्कवरून माहिती येईपर्यंत ते काम गोठून उभं असतं, आणि या अवस्थेत असेपर्यंत त्याला मारूनही टाकता येत नाही.

लिनक्स सुरुवातीला फक्त नळावरची रांग मोजायचं. १९९३च्या ऑक्टोबरात माथियास उर्लिक्स यांनी बदल सुचवला. त्यांचा मुद्दा मला फार आवडतो. ते म्हणाले, वेगवान डिस्क काढून मंद डिस्क लावली तर भाराचा आकडा कमी होतो, हे काहीतरी उलटंच आहे. यंत्र रखडतंय, आणि आकडा म्हणतोय सगळं निवांत आहे. तेव्हापासून लिनक्समध्ये खिडकीवर अडकलेलेही मोजले जातात. त्यामुळे लोड ४० दिसला तरी त्या चाळिसांतले नळावर किती आणि खिडकीवर किती, हे बघितल्याशिवाय काहीही कळत नाही. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. पण एका रात्री ते वेगळ्या तऱ्हेनं कळलं, ती गोष्ट सांगतो.

२०१६ साल. आमच्याकडे एका रुग्णालयाचा सर्व्हर होता. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. रक्ता-लघवीचे रिपोर्ट, जुनी कागदपत्रं स्कॅन केलेली, बिलं, सगळं त्या एका यंत्रावर. आठ प्रोसेसर. रात्री पावणेचारला माझा फोन वाजला. रात्रपाळीच्या सिस्टर बोलत होत्या. अपघात विभागात एक रुग्ण आलाय, त्याचा आदल्या दिवशीचा पोटॅशियमचा रिपोर्ट डॉक्टरांना हवाय, आणि पडद्यावर नुसतं गोल फिरतंय. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

उठून लॅपटॉप उघडला. आत शिरायलाच दोन मिनिटं लागली. लोड ४१. पाच मिनिटांचा ३६, पंधरा मिनिटांचा २७. म्हणजे चढताच. पण प्रोसेसर बघितले तर हिशेबाचं काम जवळपास शून्य, सगळे डिस्ककडे डोळे लावून बसलेले. नळावर दोन जण आणि खिडकीवर एकोणचाळीस.

रात्री दोन वाजता बॅकअप सुरू झालेला. तो डिस्क पार रगडत होता. त्याच वेळी दर दहा मिनिटांनी चालणारा बिलांचा एक तक्ता होता. एरवी तो दोन मिनिटांत संपायचा. त्या रात्री डिस्क मिळेना म्हणून पहिला दहा मिनिटांत संपला नाही. क्रॉनला त्याचं काय? दहा मिनिटं झाली, त्यानं दुसरा सुरू केला. मग तिसरा. मी बघितलं तेव्हा एकच तक्ता काढणारे नऊ प्रोग्राम एकमेकांच्या पायात पाय घालून उभे होते. त्यात साडेतीनला फायलींची सूची बनवणारं कामही येऊन मिसळलं होतं. आणि या सगळ्यांच्या मागे, त्याच रांगेत, तो पोटॅशियमचा रिपोर्ट.

मी तक्ते मारले. लगेच मरेनात, कारण खिडकीवर अडकलेले. मग बॅकअप मारला. तो सुटला तशी डिस्क मोकळी झाली, एकेक काम भराभर पुढे सरकलं. चार मिनिटांत लोड उतरायला लागला. सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, "प्रयोगशाळेतून फोनवर विचारून घेतलं आम्ही, कागदावर लिहून. आता पडद्यावरही आलंय." रुग्णाचं काही अडलं नव्हतं. पण ते माझ्यामुळे नव्हे. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला वही कुठं आहे हे माहीत होतं म्हणून.

पुन्हा तसं होऊ नये म्हणून मी क्रॉनच्या यादीत बॅकअपच्या ओळीपुढे एक हॅशचं चिन्ह टाकलं. त्या चिन्हानं ती ओळ बंद होते. सकाळी शांतपणे बघू, वेळ बदलू आणि चिन्ह काढू, असं ठरवलं. साडेचारला झोपलो.

सकाळी दुसऱ्याच एका ठिकाणचं काम निघालं. रुग्णालयातून तक्रार येईना. उलट, "आता रात्री मस्त चालतंय" असा निरोप आला. आमच्या पडद्यावर रोज रात्री लाल दिसणारा लोड हिरवा दिसायला लागला. साहेबांनी शाबासकी दिली. मी ती घेतली.

एकोणीस दिवसांनी त्या सर्व्हरमधलं डिस्क सांभाळणारं कार्ड बिघडलं आणि डिस्कवरचं काहीच वाचता येईना. मी निर्धास्त होतो. बॅकअप आहे ना. तो उघडला, तारीख बघितली, आणि खुर्चीत बसलो तो बसलोच.

पुढचे सहा दिवस आम्ही चौघं त्या रुग्णालयात बसून टायपिंग करत होतो. प्रयोगशाळेच्या काही यंत्रांच्या स्वतःच्या स्मृतीत रिपोर्ट होते, ते मिळाले. बाकीचे वह्यांतून. बिलं कार्बन कॉपीतून. बरंच परत उभं राहिलं. पण त्या एकोणीस दिवसांत रुग्णांनी बाहेरून आणलेले जुने कागद स्कॅन करून त्यांना परत दिलेले होते, ते गेले. एक आजोबा आले होते. दुसऱ्या शहरातल्या तपासणीचा कागद होता त्यांचा. म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरात आहे म्हणाले म्हणून मी घरचा नीट ठेवला नाही हो." त्यांना कुणीतरी सांगितलं, यंत्र बिघडलं. यंत्र बिघडलं हे खरंच होतं. मी बाजूच्याच टेबलावर टाइप करत होतो. मान वर केली नाही.

साहेबांनी विचारलं, बॅकअप बंद कुणी केला. मी सांगितलं. नोकरी गेली नाही. ते फक्त म्हणाले, "आता नीट लाव." ते नीट लावायला मला तीन आठवडे लागले. त्यातलं थोडं सांगतो, कारण माझा खरा धंदा तोच.

पहिलं म्हणजे वेळा. माणसाला गोल आकडा आवडतो. बॅकअप दोनला, तक्ता दोनला, विषाणूतपासणी दोनला. प्रत्येकाला वाटतं, रात्री दोनला कोण असतं? सगळेच असतात! म्हणून काही लिनक्सप्रणालींत रोजच्या कामांना मुद्दाम ४५ मिनिटांपर्यंतचा हवा तसा उशीर लावून देतात, म्हणजे सगळी यंत्रं एका ठोक्याला उठत नाहीत. काल मामा भेटले तेव्हा मी त्यांना विचारलं, "मामा, शाळेची टाकी कधी धुवायचात हो? आम्ही कधीच बघितलं नाही." ते म्हणाले, "शनिवारी. सकाळची शाळा सुटली की. अन् शनिवारी दुपारी खेळाचा सराव असला तर आदल्या दिवशी सरांना विचारून ठेवायचो." मी तीन आठवडे डोकं लावून जे वेळापत्रक बनवलं, त्यात याहून वेगळं काही नव्हतं.

दुसरं, एकाच कामाच्या नऊ प्रती. यावर उपाय कुलपाचा. काम सुरू होताना एक कुलूप लावतं, संपलं की काढतं. पुढच्या फेरीला कुलूप दिसलं की ते मुकाट्यानं परत जातं. प्रयोगशाळेची किल्ली एकच असायची तसं. एका ओळीचं काम आहे. आधी का केलं नव्हतं, याला माझ्याकडे उत्तर नाही.

तिसरी गोष्ट अदबीची. एक आज्ञा आहे, नाइस. म्हणजे सज्जन, सभ्य. प्रत्येक कामाला उणे २० ते १९ यांमधला एक सभ्यतेचा आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकं ते काम इतरांना "तुमचं होऊ द्या आधी" म्हणतं. यात एक गंमत आहे. साध्या वापरकर्त्याला आपल्या कामाची सभ्यता हवी तेवढी वाढवता येते, कमी करायची तर मुख्य प्रशासकाची परवानगी लागते. आमच्या सोसायटीच्या बैठकीत हा नियम आणावा असं मला फार वाटतं.

पण नाइस ही नळावरची अदब. खिडकीवर तिचा उपयोग होईलच असं नाही. डिस्कसाठी वेगळी आज्ञा आहे, आयओनाइस. मी बॅकअपला ती लावली, डिस्क रिकामी असेल तेव्हाच घे असं सांगितलं, आणि रात्री जागून बघितलं. काहीही फरक नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. मग कळलं की डिस्कच्या रांगेची व्यवस्था लावणारा भाग, त्याला शेड्यूलर म्हणतात, तो नव्या सर्व्हरवर वेगळा होता. जुन्या सर्व्हरवरचा शेड्यूलर ही अदब मानायचा, नवा मानत नव्हता. बरं, "मी हे मानत नाही" असं तो सांगतही नाही. आज्ञा दिली की ती निमूट स्वीकारली जाते. मास्तरांनी सांगितलं, मुलानं "हो सर" म्हटलं, असा तो प्रकार. शेवटी मी सरळ बॅकअपच्या वेगालाच मर्यादा घातली. दर सेकंदाला इतकीच माहिती उचलायची. बॅकअप दोन तासांऐवजी साडेतीन तास चालायला लागला. चालू दे. रात्र मोठी असते.

आणि चौथं, ज्यानं सगळ्यात जास्त फरक पडला आणि ज्याला संगणकाचं ज्ञान अजिबात लागत नाही. मी रुग्णालयाच्या लेखापालांकडे जाऊन बसलो आणि विचारलं, "हा बिलांचा तक्ता दर दहा मिनिटांनी निघतो, तो कोण बघतं?" ते म्हणाले, "मी बघतो. सकाळी नऊला." "आणि बाकीच्या वेळी?" "बाकीच्या वेळी कशाला बघू?" दिवसाला १४४ वेळा निघणारा तक्ता माणूस बघत होता एकदा. कुणीतरी कधीतरी "ताजा असलेला बरा" म्हणून दहा मिनिटं टाकलेली. मी तो सकाळी आठला एकदाच ठेवला. अर्धा भार तिथंच उतरला. तेव्हापासून नव्या ठिकाणी गेलो की मी आधी यादीतल्या प्रत्येक ओळीचा मालक शोधतो. निम्म्या वेळा मालक नोकरी सोडून गेलेला असतो आणि त्याचं काम दर रात्री इमानानं चालू असतं.

आता याहून चांगली साधनं आली आहेत. गूगलमधल्या अभियंत्यांनी २००६ साली सुरू केलेलं एक काम २००८ मध्ये लिनक्समध्ये आलं, सी-ग्रुप्स नावानं. त्यात कामांचे गट करून या गटाला इतका प्रोसेसर, इतकी मेमरी, असे वाटे घालता येतात. २०१८च्या अखेरीस आलेल्या ४.२० या आवृत्तीपासून तर लिनक्स थेट सांगू शकतं की गेल्या काही सेकंदांत कामं किती वेळ प्रोसेसरसाठी, किती मेमरीसाठी आणि किती डिस्कसाठी खोळंबली. नळ वेगळा, खिडकी वेगळी. मी ते वापरतो. पण लोड लाल झाला की वाजणारी जुनी घंटा मात्र मी काढून टाकली. तिच्याऐवजी दर मिनिटाला एक खोटा रुग्ण म्हणून मी एक रिपोर्ट उघडून बघतो, आणि तो तीन सेकंदांत आला नाही तर फोन वाजतो. लोड ३० असला आणि सिस्टरना रिपोर्ट लगेच मिळत असला, तर माझं काही म्हणणं नाही. आत बॅकअप घाम गाळत असेल. गाळू दे.

आणि एक उलटी घंटा लावली. बॅकअप पूर्ण झाला की मला एक ओळीचा निरोप येतो. सहा वाजेपर्यंत तो आला नाही तर फोन वाजतो. काहीतरी घडलं म्हणून वाजणाऱ्या घंटा आमच्याकडे ढीगभर होत्या. काही घडलंच नाही म्हणून वाजणारी एकही नव्हती, म्हणून ते एकोणीस दिवस गेले.

ते आजोबा नंतर एकदा दिसले. त्यांनी तपासणी पुन्हा करून घेतली होती, दुसऱ्या शहरात जाऊन, दोन दिवस मोडून. मी त्यांना सांगितलं की तो बॅकअप मी बंद केला होता. त्यांना बॅकअप म्हणजे काय ते कळलं नसावं. थोडा वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "मग आता चालू केलास ना?" मी हो म्हणालो.

काल रात्री आपण दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात गाद्या टाकून गप्पा मारत होतो. साडेपाचला माझा फोन किणकिणला तेव्हा शेजारच्यानं विचारलं, "इतक्या पहाटे कोण रे?" मी "काही नाही, झोप" म्हणालो. तो निरोप त्या बॅकअपचाच होता. दोनला सुरू, पाच वाजून सव्वीस मिनिटांनी पूर्ण.

वीस मिनिटं झाली वाटतं. खिडकीतून पंगत मांडलेली दिसतेय, आणि मागे चुलीपाशी कालपासून राबणारी आपल्याच वर्गातली मंडळी हातानं खूण करतायत. गुरुजनांनी आधी चलावं.